कीटोने, संयुग्मित व असंयुग्मित

ज्या कार्बनी संयुगांच्या रेणूत कार्बोनिल गट (एक कार्बन अणू व त्याला द्विबंधाने जोडलेला ऑक्सिजन अणू) दोन्ही बाजूंनी कार्बन अणूंनाच जोडलेला असतो, त्यांना कीटोने म्हणतात. अशा रेणूत कार्बोनिल गटाखेरीज कार्बन–कार्बन द्विबंधही असेल, तर त्या दोहोंमधील अंतराला महत्त्व येते. दोहोंमध्ये फक्त एकच एकबंध असेल, म्हणजे द्विबंध, एकबंध, द्विबंध असा एकाआड एक क्रम साधत असेल, तर ते कीटोन संयुग्मित होय. मध्ये एक वा अधिक तृप्त कार्बन अणू आले, तर ते असंयुग्मित होय. कार्बोनिल गटाशेजारच्या कार्बन अणूला आल्फा, त्यापुढच्याला बीटा व त्यापुढच्याला गॅमा म्हणण्याचा प्रघात आहे. त्यानुसार संयुग्मित कीटोनात द्विबंध आल्फा व बीटा यांच्यामध्ये असतो. तो एक घर पुढे सरकून बीटा व गॅमा यांच्यामध्ये गेला की संयुग्मन तुटते. दोन्ही रेणूंतील अणूंची संख्या तीच राहते, परंतु त्यांचे गुणधर्म पुष्कळ वेगळे असतात.

परिचित पदार्थांत दोन्ही प्रकार आढळतात. कापूर हे तृप्त कीटोन असल्याने येथे त्याचा विचार नाही. बाळंतशेपा व विलायती शहाजिरे यांच्या बाष्पनशील तेलांतील कार्व्होन या कीटोनाच्या रेणूत दोन कार्बन–कार्बन द्विबंध असून वलयातील एक संयुग्मित, तर वलयाबाहेरील दुसरा असंयुग्मित आहे. जवादी मांजराच्या ग्रंथिस्रावातील सिव्हेटोन याच्या सतरा कार्बन अणूंच्या मोठ्या वलयात द्विबंध कार्बोनिल गटाच्या जवळजवळ समोर असतो व ही दोन केंद्रे परस्परांपासून अलिप्त राहतात. उलटपक्षी हळदीतील कुर्कुमिनात संयुग्मन रेणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले आहे व हळदीचा पिवळा रंग त्यामुळेच आहे. कुर्कुमिनाची संरचना १९१० साली निश्चित झाली.

इतिहास : या गटातील फार आधी हाती आलेले एक संयुग एका चुकीच्या तर्कातून नाव मिळवून बसले आहे. आयरिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट केन (१८०९–९०) यांनी १८३७-३८ च्या सुमारास ॲसिटोनावर तीव्र सल्फ्यूरिक अम्लाची विक्रिया केली. ॲसिटोन हे एक अल्कोहॉल असावे असा त्यांचा समज होता आणि ॲसिटोनाला त्या काळी सुचविण्यात आलेल्या ‘मेसिट’ या नावावरून त्यांनी विक्रियेतून मिळालेल्या पदार्थांना मेसिटिलीन व मेसिटिल ऑक्साइड अशी नावे दिली. वस्तुतः मेसिटिल ऑक्साइड हे ऑक्साइड नव्हे. ॲसिटोनाचे दोन रेणू एकत्र येऊन त्यांतून पाण्याचा एक रेणू गेला म्हणजे बनणारे ते संयुग्मित कीटोन आहे. कीटोन हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता. तो ॲसिटोनाच्या जुन्या जर्मन नावावरून लेओपोल्ट ग्मेलिन यांनी १८४८ मध्ये प्रचारात आणला. केन यांचा सिद्धांत लवकरच मागे पडला, पण नाव मात्र रासायनिक व्यापारात आजतागायत टिकून आहे.

आल्डिहाइड व कीटोन यांचे क्षाराच्या उपस्थितीत संघनन करून संयुग्मित कीटोने हवी तशी तयार करण्याची पद्धत १८८०-८१ मध्ये जे. जी. श्मिट आणि लूटव्हिख क्लायझेन (१८५१–१९३०) यांच्या कामामुळे हाती आली. पाणी निघून जाताना द्विबंध नेहमी कार्बोनिल गटाला लागूनच का निर्माण होतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या वेळी कोणाकडे नव्हते. १८८७ मध्ये आर्थर मायकेल यांनी अशा द्विबंधाच्या दूरच्या टोकावर मॅलॉनिक एस्टराचा सोडियमयुक्त अनुजात जोडता येतो असे दाखविले. साध्या द्विबंधावर ही विक्रिया होत नाही. तेव्हा शेजारचा कार्बोनिल गट द्विबंधाला काहीतरी देत असला पाहिजे, हे उघड झाले.

हे ‘काहीतरी’ प्रथम शब्दांत मांडण्याचे श्रेय योहानेस टीले (१८६५–१९१८) यांना जाते. १८९९ साली त्यांनी आंशिक संयुजेची कल्पना मांडली. प्रत्येक द्विबंधाच्या दोन्ही टोकांशी थोडी संयुजा शिल्लक राहते. दोन द्विबंध शेजारी आले की मधल्या दोन टोकांची शिल्लक संयुजा परस्परांत खर्ची पडते व केवळ बाहेरची दोन टोके विक्रियेस मोकळी राहतात. अशा रचनेला त्यांनी ‘संयुग्मित’ हे विशेषण लावले. ही उपपत्ती इलेक्ट्रॉनाचा संयुजेशी संबंध लागण्यापूर्वीची आहे, हे लक्षात घेता तिचा अचूकपणा विस्मयकारक वाटतो. पुढे १९२०–३५ या काळात रॉबर्ट रॉबिन्सन, सी. के. इंगोल्ड व लायनस पॉलिंग यांनी तीच गोष्ट इलेक्ट्रॉनांच्या भाषेत सांगितली. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. संयुग्मनात ही ओढ द्विबंधातून बीटा कार्बनापर्यंत पोहोचते व तो धनभारित बनतो. इलेक्ट्रॉन अधिक विस्तृत भागात पसरल्याने संपूर्ण रेणू स्थिरही होतो. म्हणून असंयुग्मित कीटोनाला अम्ल अथवा क्षार यांचा स्पर्श झाला की द्विबंध सरकून सामान्यतः संयुग्मित जागी येतो. हा समतोल पूर्णतः एकांगी नसतो. मेसिटिल ऑक्साइडाच्या नेहमीच्या नमुन्यात त्याच्या असंयुग्मित समघटकाचा थोडा अंश असतोच.

व्हायोलेटचा सुगंध : संयुग्मनाचा पहिला मोठा व्यापारी लाभ सुगंधी द्रव्यांच्या धंद्याला झाला. व्हायोलेटच्या फुलांचे अर्क अतिशय महाग पडत, म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञ फेर्डिनांट टीमान (१८४८–९९) व पाउल क्र्यूगर यांनी तशाच वासाच्या ओरिस मुळांतील इरोन हे कीटोन शोधून काढले आणि ते प्रयोगशाळेत बनविण्याचा प्रयत्न केला. १८९३ मध्ये त्यांनी सिट्राल व ॲसिटोन यांचे बेरियम हायड्रॉक्साइडाच्या साहाय्याने संघनन केले व मिळालेल्या पदार्थावर अम्लाची विक्रिया केली. जे मिळाले ते इरोन नव्हते. इरोनामध्ये एक कार्बन अणू अधिक असतो हे पुढे लेओपोल्ट रुझिचका यांनी दाखविले व इरोनाची संरचना तर १९४७ मध्येच पक्की झाली. परंतु हाती आलेल्या नव्या पदार्थाला व्हायोलेटचा वास होता. त्याला आयोनोन हे नाव मिळाले व अत्तरांच्या धंद्यात त्याने क्रांती केली. यासाठी लागणाऱ्या सिट्रालाचा मोठा पुरवठा मलबारच्या किनाऱ्यावरून निर्यात होणाऱ्या, गवती चहाच्या जातीच्या गवताच्या तेलातून होत असे.

आयोनोनाचे आल्फा व बीटा असे दोन समघटक प्रामुख्याने मिळतात. दोहोंत कार्बोनिल गटाशेजारी साखळीतील द्विबंध आहेच. फरक आहे तो वलयातील दुसऱ्या द्विबंधाच्या जागेचा. बीटा प्रकारात तो संयुग्मनात सामील होतो, आल्फा प्रकारात एक घर दूर जाऊन अलिप्त राहतो. तीव्र सल्फ्यूरिक अम्ल वापरल्यास बीटा प्रकार, तर फॉस्फोरिक किंवा फॉर्मिक अम्ल वापरल्यास आल्फा प्रकार अधिक मिळतो. अत्तर करणाऱ्यांना आल्फा प्रकार प्रिय आहे, कारण बीटा प्रकाराच्या वासात लाकडाची झाक असते. बीटा प्रकाराचे भाग्य वेगळ्या मार्गाने उदयाला आले. त्याचे वलय अ जीवनसत्त्वाच्या वलयाशी तंतोतंत जुळते. १९४७ साली बाझेल येथे ओटो इझ्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा-आयोनोनापासून अ जीवनसत्त्वाचे उद्योगास उपयुक्त असे संश्लेषण सिद्ध केले. फुलांच्या वासाच्या शोधातून रातांधळेपणावरील औषध निघाले ते असे.

वर्णपटाची साक्ष : एखाद्या कीटोनातील द्विबंध संयुग्मित आहे की नाही हे ठरविण्यासाठी पूर्वी रेणूचे तुकडे करून ते ओळखावे लागत. यात महिनेच्या महिने जात आणि मौल्यवान नमुनाही नष्ट होई. जंबुपार प्रकाशाच्या शोषणाने हे काम सोपे केले. असंयुग्मित कीटोन २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास अगदी क्षीण शोषण दाखविते. संयुग्मित कीटोन मात्र २१५ ते २६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्याच्या शेकडो पट तीव्र शोषण दाखविते. १९४१ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड (१९१७–७९) यांनी प्रसिद्ध झालेली मोजमापे एकत्र मांडून पाहिली, तेव्हा त्यांचे वय अवघे २४ वर्षांचे होते. द्विबंधावर बाहेरचे एक, दोन किंवा तीन कार्बनी गट असतील, त्यानुसार कमाल शोषण अनुक्रमे २२५, २३९ व २५४ नॅनोमीटरच्या जवळपास येते, असा नियम त्यांना आढळला. पुढे लुई व मेरी फीझर यांनी या नियमाचा विस्तार केला. आज तो एखाद्या वाण्याच्या हिशोबासारखा शिकविला जातो. मूळ रेणूसाठी २१५ घ्यावे, आल्फा जागेवरील गटासाठी १०, बीटा जागेवरील प्रत्येक गटासाठी १२ व त्यापुढील जागेवरील प्रत्येक गटासाठी १८ मिळवावे, द्विबंध दुसऱ्या वलयाच्या लगत बाहेर असल्यास ५ आणि संयुग्मनात आणखी एक द्विबंध आल्यास ३० मिळवावे.

मेसिटिल ऑक्साइडात बीटा जागेवर दोन गट असल्याने बेरीज २३९ येते, प्रत्यक्ष मापन २३७ च्या आसपास आहे. बीटा-आयोनोनासाठी बेरीज २९९ होते व मापन २९६ मिळते. आल्फा-आयोनोनाचे शोषण मात्र २२८ वरच थांबते, कारण त्याचा दुसरा द्विबंध या हिशोबात येतच नाही. इतक्या साध्या बेरजेने इतके बिनचूक उत्तर मिळावे याचे पुरेसे सैद्धांतिक समर्थन तेव्हा नव्हते. रसायनशास्त्रज्ञांनी तिकडे दुर्लक्ष केले व नियम वापरला, हे योग्यच झाले. याच वर्षी प्रकाशविद्युत् पद्धतीचा बेकमन वर्णपटमापक बाजारात आल्याने छायाचित्रण पट्ट्यांचे किचकट काम टळले. नंतरच्या काळात अवरक्त वर्णपटाची भर पडली. त्यात संयुग्मनामुळे कार्बोनिल गटाचे शोषण दर सेंमी.ला सु. १,७१५ वरून १,६८० च्या आसपास उतरते. भारतात सुख देव यांनी रानआल्याच्या जातीतील झेरुंबोन या कीटोनाच्या संरचनेवर १९६० साली प्रसिद्ध केलेले संशोधन याच परंपरेतील आहे. या रेणूच्या अकरा कार्बन अणूंच्या वलयात तीन द्विबंध असून त्यांपैकी दोन कार्बोनिल गटाच्या दोन्ही बाजूंना संयुग्मित आहेत व तिसरा अलग आहे. सुख देव यांनी पुढे पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले.

स्टेरॉइड हॉर्मोने : संयुग्मित कीटोनांचे खरे माहात्म्य स्टेरॉइडांच्या क्षेत्रात प्रगट झाले. प्रोजेस्टेरोन हे गर्भधारणेस आवश्यक हॉर्मोन १९३४ मध्ये व टेस्टोस्टेरोन हे पुरुष-हॉर्मोन १९३५ मध्ये शुद्ध रूपात मिळाले. दोहोंच्या पहिल्या वलयात तीन क्रमांकाच्या कार्बनावर कार्बोनिल गट व चार-पाच या कार्बनांमध्ये द्विबंध अशी संयुग्मित रचना आहे. कोलेस्टेरॉलात मात्र तीन क्रमांकावर हायड्रॉक्सिल गट व पाच-सहा यांमध्ये द्विबंध असतो. एकापासून दुसऱ्याकडे जाण्याचा सुलभ मार्ग रूपर्ट ओपेनाउअर यांनी १९३७ मध्ये दिला. ॲल्युमिनियमाचे एक अल्कॉक्साइड व ॲसिटोन यांच्या योगाने हायड्रॉक्सिल गटाचे कार्बोनिल गटात ऑक्सिडीकरण होते आणि प्रथम बनणाऱ्या असंयुग्मित कीटोनातील द्विबंध आपोआप सरकून संयुग्मित जागी येतो. अर्थात सरकण्याचे काम येथे रसायनज्ञाला करावेच लागत नाही.

या दोन्ही गुणांचा सर्वांत कुशल उपयोग रसेल मार्कर (१९०२–९५) या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने केला. प्राण्यांच्या ग्रंथींपासून मिळणारे प्रोजेस्टेरोन त्या काळी कमालीचे दुर्मिळ होते. मार्कर यांनी वनस्पतींतील डायोसजेनिनाच्या रेणूची पार्श्वशाखा ॲसिटिक ॲनहायड्राइडाने उघडून व क्रोमिक अम्लाने तोडून एक मध्यस्थ संयुग मिळविले. त्यात दोन द्विबंध होते. सोळा-सतरा यांमधील द्विबंध वीस क्रमांकाच्या कार्बोनिल गटाशी संयुग्मित होता, तर पाच-सहा यांमधील अलिप्त होता. पॅलॅडियमाच्या सान्निध्यात हायड्रोजन दिला असता पहिला तृप्त झाला व दुसरा जसाच्या तसा राहिला. नंतर ओपेनाउअर यांच्या पद्धतीने दुसऱ्याला संयुग्मित जागी आणले की प्रोजेस्टेरोन तयार. एकाच रेणूतील संयुग्मित व असंयुग्मित द्विबंधांमधील भेदावर उभारलेली यापेक्षा नेटकी कृती सापडणे कठीण आहे.

कच्च्या मालाच्या शोधात मार्कर १९४२ मध्ये मेक्सिकोत गेले. तेथील व्हेराक्रूझ भागात ‘काबेसा दे नेग्रो’ नावाचा रानकंद त्यांना सापडला. त्यापासून त्यांनी तीन किलोग्रॅमहून अधिक प्रोजेस्टेरोन तयार केले. तेव्हा एका ग्रॅमची किंमत सु. ८० डॉलर होती. १९४४ मध्ये मेक्सिको सिटी येथे सिंटेक्स ही कंपनी स्थापन झाली. पैशाच्या वादावरून पुढच्याच वर्षी मार्कर तिच्यातून बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज रोझेनक्रान्झ यांना त्यांच्या कृती जवळजवळ नव्याने बसवाव्या लागल्या. हिमालयातील ‘डायोस्कोरिया डेल्टॉयडिया’ या कंदातही डायोसजेनिन असते व भारतातील स्टेरॉइड उद्योगाने आरंभी त्याचा आधार घेतला.

दोन गोळ्या, एक द्विबंध : प्रोजेस्टेरोन तोंडाने घेतल्यास फारसे परिणामकारक ठरत नाही. १९४४ मध्ये माक्सिमिलियान एरेनश्टाइन यांना एकोणीस क्रमांकाचा कार्बन गाळलेला प्रोजेस्टेरोनासारखा रेणू प्रभावी आढळला. असे रेणू बनविण्याचा सोयीस्कर मार्ग ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञ आर्थर बर्च (१९१५–९५) यांच्या १९४४ मधील शोधाने खुला झाला. द्रवरूप अमोनियात सोडियम व अल्कोहॉल यांच्या योगाने बेंझीन वलयाचे अंशतः क्षपण होते. ईस्ट्रोन या स्त्री-हॉर्मोनाच्या मिथिल ईथरावर ही विक्रिया करून मिळालेल्या पदार्थावर सौम्य अम्ल टाकले, तर पाच व दहा या कार्बनांमध्ये द्विबंध असलेले असंयुग्मित कीटोन मिळते. तीव्र अम्ल टाकले, तर द्विबंध चार-पाच यांमध्ये येऊन संयुग्मित कीटोन मिळते.

या दोन फाट्यांवरून दोन कंपन्या गेल्या. सिंटेक्समध्ये कार्ल जेरासी (१९२३–२०१५), रोझेनक्रान्झ व लुईस मीरामोंतेस यांनी १५ ऑक्टोबर १९५१ रोजी संयुग्मित प्रकाराचे नॉरएथिस्टेरोन तयार केले. अमेरिकेतील सर्ल कंपनीत फ्रँक कोल्टन (१९२३–२००३) यांनी असंयुग्मित प्रकाराचे नॉरएथिनोड्रेल तयार केले व १९५३ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला. दोन्ही रेणूंचे सूत्र एकच आहे, फरक द्विबंधाच्या एका घराचा. परंतु ग्रेगरी पिंकस व जॉन रॉक यांनी संततिप्रतिबंधाच्या चाचण्यांसाठी सर्लचे संयुग निवडले आणि पहिली गोळी म्हणून इतिहासात नोंद झाली ती त्याची. १९५७ मध्ये मासिक पाळीच्या विकारांसाठी व १९६० मध्ये संततिप्रतिबंधासाठी तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. नॉरएथिस्टेरोनाला संततिप्रतिबंधक गोळीत स्थान मिळण्यास १९६२ साल उजाडले.

असंयुग्मित रेणू जठरातील अम्लात गेल्यावर संयुग्मित बनतो, म्हणजे गोळी कोणतीही गिळली तरी काम करणारे संयुग आमचेच, असे जेरासी यांचे म्हणणे होते. प्रयोगशाळेच्या पात्रात अम्लाने हे रूपांतर होते, यात शंका नाही. शरीरातही नॉरएथिनोड्रेलाचे नॉरएथिस्टेरोन बनते असे पुढे आढळले. तथापि दोन्ही औषधांचे परिणाम सर्वस्वी एक नाहीत. नॉरएथिनोड्रेलाला काही प्रमाणात स्त्री-हॉर्मोनाचा अंगभूत गुण आहे, म्हणून जेरासी यांचा युक्तिवाद रसायनशास्त्राच्या दृष्टीने सबळ असला तरी औषधविज्ञानाच्या दृष्टीने अपुरा मानावा लागतो. न जन्मलेल्या संयुगाचे पेटंट त्याच्या पूर्वरूपाला लागू पडते काय, हा कायद्याचा प्रश्न मोठा रंजक होता. सिंटेक्सचे विक्रीहक्क असलेल्या कंपनीने सर्लशी असलेले व्यापारी संबंध जपण्यासाठी दावा लावला नाही, असे जेरासी यांनी लिहून ठेवले आहे. न्यायालयाचा निर्णय त्यामुळे झालाच नाही.

या प्रकरणाची एक बाजू परीक्षानळीबाहेरची आहे. १९५६ मध्ये प्वेर्तो रीको येथे सुरू झालेल्या मोठ्या चाचण्यांत भाग घेतलेल्या गरीब स्त्रियांना आपण प्रायोगिक औषध घेत आहोत याची पुरेशी कल्पना दिलेली नव्हती. त्यांच्या मळमळ, चक्कर इ. तक्रारींना तेथील प्रमुख डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी दिलेले महत्त्व वरिष्ठांनी दिले नाही. पहिल्या गोळीत सु. १० मिलिग्रॅम स्टेरॉइड असे व ते आजच्या मानाने फारच मोठे प्रमाण आहे. तिच्यातील मेस्ट्रॅनॉल हे दुसरे संयुग तर मुळात बर्च विक्रियेच्या मार्गातून आलेली अशुद्धी होती. ती काढून टाकल्यावर अवेळी रक्तस्राव वाढला, म्हणून ती मुद्दाम ठेवण्यात आली. नॉरएथिनोड्रेल आता वापरात नाही. नॉरएथिस्टेरोन मात्र अद्याप दिले जाते. भारत सरकारच्या कुटुंबकल्याण कार्यक्रमातून परिचित झालेल्या माला-डी व माला-एन या गोळ्यांतील लिव्होनॉर्जेस्ट्रेल हेही चार-पाच द्विबंधाचे संयुग्मित कीटोन आहे. गोळीतील त्याचे प्रमाण ०·१५ मिलिग्रॅम असते.

सजीवांतील रूपांतर : द्विबंध असंयुग्मित जागेवरून संयुग्मित जागी नेण्यासाठी प्रयोगशाळेत अम्ल, क्षार अथवा उष्णता लागते. १९५५ मध्ये पॉल टॅलले व व्हर्जिनिया वाँग यांनी एका सूक्ष्मजंतूपासून हेच काम करणारे एंझाइम वेगळे केले. ज्ञात एंझाइमांपैकी अत्यंत वेगवान अशा मोजक्यांत त्याची गणना होते. कार्बोनिल गट व द्विबंध यांमधल्या कार्बनावरील एक प्रोटॉन उचलून तो दोन घरे पलीकडे ठेवणे एवढेच ते करते. मनुष्याच्या अंडाशयात व अधिवृक्क ग्रंथीत प्रेग्नेनोलोनापासून प्रोजेस्टेरोन बनते, तेव्हा हायड्रॉक्सिल गटाचे ऑक्सिडीकरण व द्विबंधाचे स्थलांतर ही दोन्ही कामे एकच एंझाइम पार पाडते. क्रम तोच आहे, जो ओपेनाउअर यांच्या चंबूत घडत असे : प्रथम असंयुग्मित कीटोन, नंतर संयुग्मित.